दाबल्यावर मावळतो

खोत मॅडम काचेची पट्टी चट्ट्यावर दाबतात.
रंग मावळतो.
पट्टी उचलली की हळूच परत भरून येतो,
ओहोटीच्या वाळूतून पाय काढून घ्यावा तसा.
"एरिथेमा," त्या म्हणतात. "दाबल्यावर मावळतो. लिहा."

मी लिहिते.
वाशीच्या या कामगार दवाखान्यात, कातडीच्या ओपीडीत,
एकोणीस वर्षं लिहितेय.
पहिल्या महिन्यात मला ते कुणा मुलीचं नाव वाटलं होतं,
वसईकडची असेल, एरिथेमा डाबरे,
रविवारी फुलाफुलांचा फ्रॉक घालणारी.
मग कळलं, ग्रीक आहे. अर्थ एवढाच, की लाल झालंय.
कुणीतरी त्याचं मराठीही केलंय : रक्तिमा.
संध्याकाळच्या आभाळाला शोभेल.
नडगीला चिकटत नाही.

लोक आपापले शब्द घेऊन येतात.
गांधी उठल्यात. पुरळ आलंय. वळ आहे, बाई, काही नाही.
वळ म्हटलं की बोटं मोजावी लागतात
आणि सोबत आलेल्या माणसाकडे एकदा बघावं लागतं.
भाजलं म्हटलं की विस्तव कुणाचा, हे आलंच.
एरिथेमाच्या मागे कुणी उभं नसतं.
कारखान्यांना म्हणूनच तो आवडतो.
"साधा एरिथेमाच ना, मॅडम?" असे फोन येतात,
आणि दोन दिवसांची रजा मंजूर होते, बिनपगारी.

आज नर्मदा मढवी, वय सत्तेचाळीस, राहणार रबाळे.
पावण्यात खारीच्या भट्टीसमोर सहा वर्षं.
साडी गुडघ्यापर्यंत उचलून ती स्टुलावर बसली
आणि दोन्ही नडग्यांवर जाळं.
"बापाचा पाग," ती म्हणाली, आणि हसली.
"खाडीत टाकायचा तो. आता खाडी कुठं ऱ्हायली,
पाग तेवढा माझ्या पायाव आला."

मॅडमच्या जाड पुस्तकात एरिथेमाचे चौतीस फोटो आहेत.
सगळे गुलाबी पाय, सगळे गोरे गाल.
नर्मदाच्या कातडीवर लाल हे लाल नसतं,
जांभूळ खाऊन जिभेला येतो तो रंग,
तोही तिरपं बघितलं तरच.
मॅडम दिवा बंद करून खिडकीपाशी नेतात,
मग पालथा हात टेकवतात, पोराला ताप आहे का बघतात तसा.
डोळ्यांना नाही कळलं तर उबेला विचारायचं,
हे पुस्तकात नाही.

पट्टी.
कडेचा रंग मावळला.
मधला, जुना, तपकिरी, तसाच राहिला.
पुन्हा दाबली. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबली.
"लिहा," त्या म्हणाल्या, "एरिथेमा अॅब इग्ने."
मी पेन थांबवलं.
"लॅटिन आहे. विस्तवामुळे."

एकोणीस वर्षांत मी हे शेपूट कितीदा लिहिलं असेल,
नुसतं स्पेलिंग म्हणून.

कंपनीच्या फॉर्मवर एवढीशी चौकट असते : आजाराचे नाव.
मी त्यात ते तीन शब्द बसवले
आणि खाली, जिथे काही लिहायचं नसतं,
मराठीत लिहिलं : विस्तवामुळे. भट्टी. सहा वर्षे.
मला तो अधिकार नाही. मी कारकून.
मॅडमनी वाचलं, चष्मा वर सरकवला,
सही केली, आणि पुढचा पेशंट बोलावला.

"मंजे भाजलंय का नाय?" नर्मदानं दारातून विचारलं.
"भाजलंय," मी म्हटलं.
"मंग तसं सांगा ना सरळ."
कागदाची घडी करून तिनं पोलक्यात खोचली.
फॉर्मचं काय होईल, माहीत नाही.
तिथलाही कोणी कारकूनच उघडेल.

जाताना माझ्या टेबलावर पुडी ठेवून गेली,
मोडकी खारी, विकायला न जाणारी.
चहाच्या वेळी उघडली.
पापुद्र्यावर पापुद्रा,
बोट लागलं तरी सुटणारा,
आणि कडेला जरा जास्तच भाजलेला.